विमलताईंना ऐकू यायचं ते खरं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मुलीपाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडले आणि हे मनात आलं, तर मी आरती घाईघाईने आटोपली आहे — इतकं लपवलं. आता दुपार आहे. हे जेवून आडवे झालेत, दाराला कडी आहे, आणि मुलीच्या कॉलेजच्या एका वहीची मागची पानं कोरी सापडली. त्यांच्यावर लिहिते आहे.

शिक्षण म्हणाल तर चौथी. पण आमच्या गावच्या गुरुजींनी अक्षर पक्कं करून घेतलं होतं, आणि पुढे जे छापील हाती आलं — किराण्याच्या पुडीच्या कागदापासून इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांपर्यंत — ते वाचल्याशिवाय मी कधी टाकलं नाही. त्यामुळे लिहिता येतं. बोलता येत नाही, ते वेगळं.

चार बायकांत माझी जागा सतरंजीच्या टोकाला. पाहुणे आले की चहा ठेवायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं. बिल्डिंगमध्ये भांडण झालं तर माझं मत कुणी विचारत नाही. पण विचारलंच, आणि मी एक शब्द बोलले, तर तो सगळे खरा धरतात. “कुसुमवहिनी कायले खोटं बोलतीन?” — हे मी स्वतः जिन्यात ऐकलं आहे. न बोलून बोलून माझ्या शब्दाला वजन आलं होतं. ते वजन मी कुठे वापरलं, तेच सांगायचं आहे. पण एकदम सांगता येत नाही. थोडं मागून यावं लागतं.

आमचे हे पोलादाच्या प्लांटमध्ये होते, मिलमध्ये. लाल तापलेलं लोखंड जिथून धावतं तिथे. तिथल्या गोंगाटात माणसं तोंडानं बोलत नाहीत, हातानं बोलतात. मूठ वर म्हणजे थांब, बोट फिरवलं म्हणजे चालू कर. आणि मशीन बिघडली की ती कानाच्या आधी पायाला कळते — बुटाच्या तळव्यातून. हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षीच सांगितलं होतं ह्यांनी, मोठ्या ऐटीत. “मशीन पायानं ऐका लागते, कुसुम. कान तर सारेच ठेवतात.”

रिटायर होईपर्यंत कान गेले. आधी बारीक आवाज गेले — कुकरची शिट्टी, दाराची घंटी, मुलीचा आवाज. माझा आवाज तर होताच बारीक, तो सगळ्यांत आधी गेला असणार. कानाचं मशीन आणलं. त्यात शिट्ट्या वाजायच्या, ताटं आपटल्यासारखी लागायची. ते ड्रॉवरमध्ये गेलं. ह्यांनी आमच्या जुन्या कॉलनीत, मरोद्याच्या भजनात, वीसेक वर्षं ढोलक वाजवला होता. तेही सुटलं. “सूर समजत नाही तं बसून काय करू,” म्हणाले, आणि ढोलक भाच्याला देऊन टाकला. मग रिसालीच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, दुसऱ्या मजल्यावर, आणि हे खुर्चीत बसले. नुसते बसले. सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे. तीन वर्षं.

एकदा खालच्या रस्त्यानं वरात गेली. डीजेची गाडी होती. मी खिडकी लावायला धावले, तर हे माझ्या आधी बाल्कनीत. जाळीवर दोन्ही पंजे टेकवून उभे. चेहरा असा, जसा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाले, “येऊन राहिलं.”

एवढंच. येऊन राहिलं.

मुलीला फोनवर विचारलं, तेव्हा कळलं की त्या धम्म-धम्म करणाऱ्या डब्ब्याला सबवूफर म्हणतात आणि तो घरातही ठेवता येतो. ह्यांना घेऊन मी सुपेल्याच्या बाजारात गेले. स्वतः. ऑटो करून.

दुकानदार भला माणूस होता, हे आधी लिहून ठेवते. त्यानं दोन डब्बे दाखवले. एक लहान, चारी बाजूंनी बंद, समोरून बोलणारा. दुसरा मोठा, त्याचं तोंड खाली, जमिनीकडे. त्यानं मला नीट समजावलं — घाई न करता, जसं आपण सुनेला समजावतो तसं. “भाभीजी, ये बड़ा वाला सीधा फर्श से बात करता है. नीचे कोई रहता है क्या?” खाली माणसं राहत असतील तर लहान घ्या. तोही कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात आवाज दुप्पट होतो. भिंतीपासून हातभर लांब, खाली जाड रबराची चटई, आणि बेसचं बटण निम्म्याच्या वर नाही. मग खालच्यांना काही पोचत नाही. मी सगळं ऐकलं. आजही पाठ आहे.

ह्यांनी लहान डब्ब्यावर हात ठेवला — काही नाही. मोठ्यावर ठेवला. मग चप्पल काढून पाऊल त्याच्याजवळ टेकवलं, तिथेच, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. आणि बोटं हलायला लागली. पायाची नाही, हाताची. मांडीवर. ढोलकाचा ठेका.

दुकानदारानं पुन्हा विचारलं, “नीचे फॅमिली है?”

“नाही,” मी म्हणाले. “नीचे गोदाम है.”

अडखळले नाही. आवाज कापला नाही. परक्या पुरुषाशी इतकं स्वच्छ मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. तो हसला. “फिर तो मजे करो, भाभीजी. गोदाम वाले शिकायत नहीं करते.”

तुम्ही म्हणाल, हेच का ते? नवऱ्यासाठी एक खोटं? नाही. एवढंच असतं तर ही पानं कोरीच राहिली असती.

खाली गोदाम नव्हतं. खाली विमलताई राहायच्या.

विमलताई रेल्वेवाल्यांच्या. मूळच्या नागपूरकडच्या, आयुष्य दुर्गच्या लाइनीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गेलेलं. नवरा गेल्यावर त्याच्या पैशातून त्यांनी हा फ्लॅट घेतला, स्वतःच्या नावावर, आणि दारावर पाटीही स्वतःच्याच नावाची लावली. मुलगा प्रशांत स्मृती नगरला राहतो, नोकरीत आहे, चांगला आहे. तो सारखा म्हणायचा की आई, चल माझ्याकडे. त्या म्हणायच्या, “तुया घरी मी पाहुणी, अन् इथं मी मालकीण. कोण येईन बापा?”

ह्या बिल्डिंगमध्ये माझी मैत्रीण म्हणाल तर त्या एकच. बाजारात माझ्यासाठी भाव त्याच करायच्या. “तू कायची बोलशीन वं! भाजीवाला तुले तुयीच पिशवी विकून देईन.” सगळ्यांसमोर म्हणायच्या, आणि मी हसायचे. त्यांच्या बोलण्यानं मला कधी लाज वाटली नाही.

तर त्या आठ दिवस मुलाकडे गेल्या होत्या तेव्हा मी डब्बा आणला. ऑटोत चादरीखाली झाकून. हा योगायोग नव्हता. त्या कधी जाणार ते मला माहीत होतं, म्हणून तोच आठवडा मी धरला.

घरी आल्यावर कळलं की दुकानात जसं आलं तसं येत नाही. डब्ब्याखाली रबराचे चार पाय होते, त्यांच्यामुळे थरथर वरच्या वर राहायची. मी शिलाई मशीनचा पेचकस आणला, स्क्रू फिरवले आणि चारही पाय काढले. डब्बा उघड्या फरशीवर, कोपऱ्यात, ह्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. सोबत दोन लहान स्पीकर आले होते गाण्यासाठी. त्यांच्या तारा मी काढून ठेवल्या, कारण गाणं ह्यांना ऐकू येणार नव्हतं आणि जिन्यातल्या लोकांना आलं असतं. मग उरला नुसता ठेका. घुम्... घुम्... आमच्याच खोलीत उभं राहिलं तरी फ्रिजच्या आवाजात तो हरवायचा. पण फरशीवर पाऊल ठेवा — सगळा ढोलक पायात. वर क्रोशाचा रुमाल टाकला, त्याच्यावर फुलदाणी. स्टुलासारखं दिसायचं. कुणाला कळलं नाही.

हे सगळं मी हुशारीनं केलं. न कळून काही केलं नाही. मी प्लांटच्या कॉलनीत संसार केलेली बाई आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो, म्हणून शेजारच्या चार घरांची शिफ्ट आम्हा बायकांना तोंडपाठ असायची. “नाईटवाला झोपला आहे,” एवढं म्हटलं की मिरची कांडणं बंद, कुकर बंद, पोरांना मैदानात हाकलायचं. आवाज भिंतीतून कसा जातो आणि झोपलेल्या माणसाचं काय करतो, हे मला शिकवायला कुणी नको होतं.

मुलीनं फोनमध्ये भजनं भरून दिली होती. सकाळी एक तास, दुपारी चारपासून दोन तास. हे अनवाणी पाय टेकवून बसायचे, डोळे मिटून, मांडीवर बोटं. आठ दिवसांत ह्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला टोकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा! महिन्याभरात मुलीशी फोनवर मोठमोठ्यानं एकतर्फी बोलले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू — आणि तो आनंद खरा होता, ते आजही मागे घेत नाही.

ते आठ दिवस संपले तशा विमलताई परत आल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिन्यात भेटल्या. “का वं कुसुम, माया बिछान्यात कोणी ढोलक लपवला का? पडलं की वाजते!”

हसून म्हणाल्या. त्या वेळी सांगता आलं असतं. हसण्यावारीच सांगता आलं असतं — ताई, तो आमचाच आहे. त्या वर आल्या असत्या, ह्यांना बघितलं असतं, बहुतेक म्हणाल्या असत्या, वाजवा बापा, पण माया झोपेच्या टायमाले नको. त्या तशाच होत्या. पलंग दुसऱ्या खोलीत हलवला असता तरी निभलं असतं.

मी म्हणाले, “मले तर काही ऐकू नाही येत, ताई.”

का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. भीती वाटली की बंद करावं लागेल. सेक्रेटरी येतील, मीटिंग होईल, मला चारचौघांत उभं राहावं लागेल. हे कारण आहे आणि ते लहान आहे. कितीही वळवून पाहिलं तरी मोठं होत नाही.

एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा नाही म्हणणं सोपं जातं. त्यांचा पलंग बरोबर आमच्या कोपऱ्याखाली. त्या पाण्याचा पेला पलंगाशी ठेवायच्या, त्यात पाणी थरथरतं म्हणायच्या. छातीत धडधडतं म्हणायच्या. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना विचारलं. कुणाला काही नाही. कसं असेल? कोणी म्हणालं प्लांटचं असेल, हवा तिकडून वाहते आहे. कोणी म्हणालं मालगाडी. त्या चिडायच्या. “मालगाडी मले शिकवता का? भरली जाते का रिकामी जाते, हे मी झोपेत सांगत होतो. ही गाडी नाही. ही थांबते, अन् पुन्हा तिथूनच सुरू होते.”

तेव्हा तळमजल्यावरचे साहू भाऊ म्हणाले, “अम्मा, जिंदगी भर लाइन के बाजू में रहे हो. अब लाइन आपके दिमाग में चल रही है.” सगळे हसले. विमलताईही हसल्या, पण उशिरा. मी सतरंजीच्या टोकाला होते. मीही हसले.

त्या दोनदा अचानक वर आल्या होत्या, तपासायला. जिन्यात त्यांच्या चपलेचा आवाज मला ओळखू यायचा, त्या कठड्याला धरून हळू चढायच्या. दार वाजेपर्यंत बटण बंद. हे डोळे उघडून माझ्याकडे बघायचे, की का बंद केलं. मी हातानं खूण करायचे — पाहुणे. ह्यांना कधी काही कळलं नाही. खाली कुणाला त्रास होतो हे ह्यांना मी सांगितलंच नाही. कळलं असतं तर पहिल्या दिवशी ह्यांनी स्वतः डब्बा उचलून परत नेला असता. नाईटवाल्याची झोप म्हणजे काय, ते त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? म्हणून ह्यात त्यांचा वाटा नाही. सगळा माझा.

मग प्रशांत आला. त्याची स्कूटर खाली दिसली की मी बटण बंद करायचे, त्यामुळे आईच्या खोलीत तासभर बसूनही त्याला काही ऐकू आलं नाही. तो वर आला. दारातच उभा राहिला, चपलाही काढल्या नाहीत. तरणाताठा माणूस, पण डोळ्यांखाली काळं झालेलं.

“काकू, तुम्ही तर बरोबर वरच राहता. सच बताओ, काही आवाज येते का? आई रोज फोनवर रडून राहिली. मले समजून नाही राहिलं काय करू.”

मी मान हलवली. नाही.

एवढ्यावर तो गेला असता. तो वळलाही होता. आणि इथे — हे ते. इथवर यायला मला इतकी पानं लागली.

मी त्याला हाक मारून थांबवलं. कधी कुणाला स्वतःहून हाक न मारणारी मी. म्हणाले, “प्रशांत, वाईट नको वाटून घेऊ बाबा. पण ताई आजकाल एकट्याच बोलतात. भिंतीले कान लावून उभ्या राहतात. परवा तर छताले झाडूच्या दांड्यानं ठोकत होत्या. त्यायले कोण्या चांगल्या डॉक्टरले दाखव. डोक्याच्या.”

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्या भिंतीला कान लावायच्या. छताला ठोकायच्याही — बरोबर तिथेच, जिथे वर डब्बा होता. कशामुळे, तेवढं मी सांगितलं नाही. डोक्याचा डॉक्टर हा शब्द तोवर कुणाच्या तोंडात आलेला नव्हता. प्रशांतच्याही नाही, चेष्टा करणाऱ्या साहू भाऊंच्याही नाही. तो शब्द पहिल्यांदा मी उच्चारला.

प्रशांतचे डोळे भरून आले. “बरं झालं काकू, सांगितलं. आपलं माणूस समजून सांगितलं.” वाकून नमस्कार करून गेला.

त्यांना दुर्गला नेलं. डॉक्टरांनी विचारलं असेल, आणखी कुणाला ऐकू येतं का. मुलानं सांगितलं असेल, नाही, वरच्या काकूंनाही नाही. त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली. डॉक्टरांना मी काय दोष देऊ? त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावर त्यांनी लिहिलं, आणि ठेवणारी मी.

विमलताईंनी गोळी घ्यायचं नाकारलं. “मी पागल नाही,” म्हणाल्या, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. गोळ्या मोरीत टाकायच्या. प्रशांतशी भांडण झालं. आठवडाभर अबोला.

मग एका दुपारी त्या वर आल्या. तपासायला आल्या नव्हत्या. चप्पल बाहेर नीट काढली, दार वाजवलं, आणि मी उघडेपर्यंत थांबल्या. येऊन ह्यांच्या समोर बसल्या. ह्यांनी हात जोडले, हसले. मी चहा केला. कप ठेवायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फुलदाणी थोडी सरकवली आणि कप ठेवला — त्या क्रोशाच्या रुमालावर.

माझं रक्त गोठलं का? नाही. मी त्या कपाकडे बघून विचार केला की रुमालावर डाग पडेल. माणूस अशा वेळी काय विचार करतो ते मी तुम्हाला खरं सांगते आहे.

त्यांचा आवाज लहान झाला होता. “कुसुम. हे सारे हसून राहिले, हसू दे. पोरगा मले पागल समजून राहिला, तो लेकरू आहे. पण तू देवासारखी बाई. तू कधी खोटं नाही बोलली. तू सांगशीन ते मी मानीन. एकदाबी — एकदाबी तुले ऐकू आलं का?”

हे आमच्या दोघींकडे बघून हसत होते. त्यांना वाटत असेल, बायका काहीतरी चांगलं बोलताहेत.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खाली बघून म्हणाले असते तर त्यांना कळलं असतं. माझ्या लाजण्याची त्यांना सवय होती, पण खोटं त्यांनी ओळखलं असतं. म्हणून सरळ बघून म्हणाले, “नाही, ताई. एकदाबी नाही.”

त्यांनी कप उचलला. चहा सगळा प्यायल्या, तळाची साखरसुद्धा बोटानं. मग म्हणाल्या, “मंग मायंच आहे.” दारात थांबून म्हणाल्या, “जाऊन गोळी घेतो वं.”

त्या दिवशी चार वाजता मी डब्बा लावला का? लावला.

आवाज तर चालूच होता, म्हणून अर्ध्याची एक गोळी झाली, मग सकाळची आणखी एक. त्या दुपारभर झोपायला लागल्या. एकदा गॅसवर दूध ठेवून झोपल्या, भांडं जळलं, धूर झाला. प्रशांतनं मग विचारलं नाही. सामान बांधलं. दारावरची त्यांच्या नावाची पाटी तेवढी राहिली, ती अजून आहे. फ्लॅटला कुलूप आहे.

आणि स्मृती नगरला गेल्यावर दोन दिवसांत आवाज बंद झाला. बंद होणारच! चार-पाच किलोमीटर लांब गेला ना पलंग. पण तिथे सगळ्यांना वाटलं, औषध लागू पडलं. आता विचार करा. औषध लागू पडलं असेल तर ते थांबवायचं कसं? थांबवलं आणि पुन्हा सुरू झालं तर? म्हणून गोळी चालू. मी त्यांना घरातून काढलं, एवढंच केलं नाही. जे दुखणं त्यांना कधी नव्हतं, ते मी बरं झालेलंही दाखवलं. आता त्यांची त्यातून सुटका कोण करणार?

डब्बा आमच्याकडे अजून आहे. रोज लागतो. खाली कुणी नाही, त्यामुळे बटण आता पूर्ण फिरवते. हे बरे आहेत. वजन वाढलं आहे. मागच्या गणपतीत मंडळात गेले आणि कुणाच्या तरी हातातून ढोलक घेऊन बसले. लोक म्हणाले, कुसुमवहिनींनी नवऱ्याला परत आणलं. आणलंच. मी ते नाकारत नाही.

मागच्या संक्रांतीला प्रशांतच्या बायकोनं, सविताने, हळदीकुंकवाला बोलावलं. गेले. दहा-बारा बायका होत्या. विमलताई खिडकीजवळच्या दिवाणावर. केस कुणीतरी विंचरून दिलेले, साडी इस्त्रीची. समोर कापूस ठेवला होता वाती करायला. बोटं थरथरत होती, वात वळायच्या आतच सुटायची, त्या पुन्हा तोच कापूस उचलायच्या. मला बघून हसल्या. हसू ओठांवर यायला वेळ लागला.

“आली का,” म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं: “ते गेलं वं. आता काही नाही ऐकू येत. तूच बरोबर होती.”

मी त्यांच्याजवळ बसले. तिळगूळ हातात होता. खायचा राहिला.

थोड्या वेळानं सविता गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. विमलताईंनी तोंड फिरवलं. “आता कायले? आता तर आवाज नाही. मले जड होते डोकं. बंद करा ना.” रागानं नाही म्हणाल्या. लहान मूल कडू औषधाला म्हणतं तसं. आणि अगदी बरोबर म्हणाल्या. त्या खोलीत त्या एकट्याच बरोबर बोलत होत्या, आणि ते माहीत असणारी मी एकटी.

सविता थकलेली दिसली. चांगली मुलगी आहे, सगळं करते. तिनं माझ्याकडे बघितलं. “काकू, आठ दिवसांपासून असंच चालू आहे. डॉक्टरले विचारू का बंद करायचं, का चालू ठेवू? मले तर काही समजत नाही. तुम्हीच सांगा त्यायले. तुमचं ऐकतात.”

विमलताईंनीही माझ्याकडे बघितलं. वाट बघत होत्या. मी काय म्हणते त्याची.

मी सविताच्या हातातून गोळी घेतली. “घ्या, ताई,” म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला, आणि त्या गिळेपर्यंत धरून राहिले.